लॅपटॉपचं वाय-फाय बंद पडलं: दुरुस्त करायचं की नवा घ्यायचा? हिशेब असा मांडा



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय वरवर अगदी साधा आहे. लॅपटॉप सहा-सात वर्षांचा झालाय, बाकी सगळं बरं चालतंय, पण वाय-फाय लागत नाही. दुकानदार म्हणतो, "बोर्ड गेलाय." मेव्हणा म्हणतो, "जुना झाला, टाकून दे." आणि मोबाईलवर नव्या लॅपटॉपच्या ईएमआयच्या जाहिराती सुरू. आता कुणाचं ऐकायचं?

कुणाचंच नाही. वही काढायची आणि आपला हिशेब आपण मांडायचा. व्हिडिओत आकडे भरभर गेले, म्हणून इथे ते सावकाश लिहितोय. मोबाईल बाजूला ठेवा, पेन घ्या.

आधी उदाहरण समजून घ्या

समजा, साताऱ्यात एक ताई घरगुती मसाले करतात आणि दिवाळीला फराळाच्या ऑर्डर घेतात. त्यांचा लॅपटॉप २०१८ सालचा. त्यावर एक्सेलमध्ये ऑर्डरी, दुकानदारांची बिलं, एफएसएसएआय नंबर असलेली लेबलं आणि नेट बँकिंग एवढी कामं चालतात. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते, एक बिजागरी थोडी सैल झालीय, पण मशीन चालू आहे. दिवाळी सहा आठवड्यांवर आली आणि वाय-फाय गायब.

ताईंच्या हातात खेळतं भांडवल आहे ४५,००० रुपये. नवा लॅपटॉप ४२,००० ला मिळतोय. घेतला, तर बेसन, तूप, सुकामेवा, डबे यांच्यासाठी उरले ३,००० रुपये!

म्हणजे बिघाड वाय-फायचा असला, तरी पणाला लागलंय दिवाळीचं भांडवल. लहान धंद्यात मशीनचा कुठलाही निर्णय असाच असतो. प्रश्न नुसता "दुरुस्त होईल का?" एवढाच नसतो. "हे पैसे इथे घातले, तर दुसरीकडे काय अडेल?" हेही त्यातच येतं.

आता क्रमाने चार पायऱ्या बघू. क्रम मोडू नका, कारण त्यातच बरेचसे पैसे वाचतात.

पायरी १: आज काम सुरू करा, निर्णय नंतर

घाईत घेतलेला निर्णय महाग पडतो. म्हणून आधी घाईच संपवा. वाय-फाय नसलं तरी लॅपटॉपवर इंटरनेट आणायचे तीन रस्ते आहेत.

पहिला, मोबाईलची केबल. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट-टेदरिंगमधलं "यूएसबी टेदरिंग" चालू करा. खर्च शून्य. फोन घरच्या वाय-फायवर असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाईल डेटा खर्च होत नाही. मात्र काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्या चालत नाहीत. फोन दिसत नसेल, तर आधी केबल बदलून बघा.

दुसरा, लॅन केबल. राउटरच्या मागच्या पोर्टमधून थेट लॅपटॉपला. एका जागी बसून काम करणाऱ्यांसाठी ही वाय-फायपेक्षाही भरवशाची. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल, तर यूएसबीवर चालणारा लॅन अडॅप्टर मिळतो.

तिसरा, यूएसबी वाय-फाय डोंगल. अंगठ्याच्या नखाएवढा असतो, पोर्टला लावायचा की झालं. साधा डोंगल काही शे रुपयांत मिळतो. घेताना दोन गोष्टी बघा. एक, तो ५ गीगाहर्ट्झवर चालतो का? फक्त २.४ गीगाहर्ट्झचा असेल, तर आजूबाजूला राउटर खूप असलेल्या इमारतीत नेट रडत चालतं. दोन, तुमच्याकडे पोर्ट किती आहेत? माउस, प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन आणि वर हा डोंगल. दोनच पोर्ट असतील, तर रोज काढ-घाल करावी लागेल.

ज्यांचं दरमहा जीएसटी रिटर्न असतं, त्यांनी ही पायरी तर अजिबात टाळू नये. लॅपटॉप बिघडला म्हणून जीएसटीआर-३बीची २० तारीख पुढे जात नाही. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, शून्य रिटर्न असेल तर २० रुपये, आणि कर भरायचा राहिला असेल तर त्यावर व्याज वेगळं. शून्य रुपयाच्या केबलने हे टळतं.

पायरी २: बिघाड नेमका कुठे आहे?

"वाय-फाय गेलं" हे लक्षण झालं. ताप आला म्हणजे कुठला आजार, हे जसं तापावरून कळत नाही, तसंच हे. बिघाड पाच ठिकाणी असू शकतो: राउटर, सॉफ्टवेअर, वाय-फाय कार्ड, अँटेनाची वायर किंवा मदरबोर्ड. पहिल्या दोन ठिकाणी खर्च बहुतेक शून्य, शेवटच्या ठिकाणी हजारांत. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी एक तास द्या.

तपासणी या क्रमाने करा.

१. त्याच वाय-फायवर फोन चालतो का? आणि लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला जातो का? हॉटस्पॉटला जोडला गेला, तर लॅपटॉप ठीक आहे, घोळ राउटरचा आहे. अलीकडे राउटर बदलला असेल, तर हे हमखास बघा. जुन्या कार्डांना ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ सुरक्षा लावली असेल, तर जुना लॅपटॉप जोडला जात नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ चालू केलं की काम होतं.

२. एअरप्लेन मोड चुकून लागलाय का? काही जुन्या लॅपटॉपना बाजूला वाय-फायचं छोटं बटण असतं, काहींना एफएन की बरोबरची एक की. घरात लहान मुलं असतील, तर हे आधी तपासा.

३. तारीख-वेळ बरोबर आहे का? जुन्या लॅपटॉपमध्ये बोर्डावरची छोटी बटण बॅटरी संपली की तारीख मागे जाते. मग वाय-फाय जोडलेलं असूनही वेबसाइट उघडत नाहीत आणि आपल्याला वाटतं, नेट गेलं.

४. लॅपटॉप पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये नुसतं शट डाउन केलं, तर बऱ्याचदा तो अर्धवट झोपतो. म्हणून शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउन करा. चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून ठेवा, मग चालू करा. अडकलेलं कार्ड कधी कधी एवढ्यानेच जागं होतं.

५. डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि "नेटवर्क अडॅप्टर्स" बघा. वाय-फायचं नाव आहे पण पिवळी खूण आहे, तर आधी ड्रायव्हरवर संशय घ्या. कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर फोनवर उतरवा, केबलने लॅपटॉपमध्ये टाका आणि बसवा. नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर बिघडलं असेल, तर "रोल बॅक ड्रायव्हर" करून बघा. नाव अजिबातच दिसत नसेल, तर कार्डावर किंवा बोर्डावर संशय.

६. ब्लूटूथ चालतंय का? बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. दोन्ही एकदम गायब झाले, तर कार्ड सैल झालंय, जळालंय किंवा त्याची जागा खराब झालीय, असं समजा.

७. राउटरच्या शेजारी बसल्यावर चालतं आणि पलीकडच्या खोलीत जात नाही? मग अँटेनाची वायर बघायची. ही बारीक वायर बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला जाते. बिजागरी सैल असेल, तर वायर दबते किंवा तुटते. काही महिन्यांपूर्वी बॅटरी किंवा कीबोर्ड बदलून घेतला असेल, तर वायर परत लावायची राहिली असेल, असंही होतं.

ज्यांना थोडी तांत्रिक आवड आहे, त्यांनी अजून एक करावं. पेन ड्राइव्हवर उबुंटू टाका आणि लॅपटॉपमध्ये काहीही न बसवता, पेन ड्राइव्हवरूनच चालू करून बघा. तिथे वाय-फाय लागलं, तर कार्ड शाबूत आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे. दुकानात एक रुपया द्यायच्या आधी हा पक्का पुरावा हातात येतो.

पायरी ३: दुकानात जायचं, पण तयारीने

घरच्या तपासणीत सुटलं नाही, तर रिपेअरच्या दुकानात जा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि तुमच्या गावात बसस्टँडजवळचा तो एक जाणता कारागीर असतोच. जाण्याआधी तीन कामं करा. सगळ्या फायलींचा बॅकअप घ्या. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले बँकेचे पासवर्ड काढून टाका. डिजिटल सहीचा टोकन घरी ठेवा. कारागीर प्रामाणिक असला तरी हे करायचंच. ही शंका नाही, शिस्त आहे.

तिथे गेल्यावर हे विचारा:

"कार्ड खराब आहे की बोर्ड, हे तुम्ही कशावरून ठरवलं? दुसरं कार्ड लावून बघितलं का?" वाय-फाय कार्ड बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये सुटं असतं. एक-दोन स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच. चालू कार्ड लावून बघणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. ते न करताच "बोर्ड गेला" असं कुणी म्हणत असेल, तर दुसऱ्या दुकानात दाखवा.

"माझ्या मॉडेलला हे कार्ड चालेल का?" कुठलंही कार्ड कुठल्याही लॅपटॉपला चालत नाही. २०१३ च्या आसपासपर्यंतच्या मशीनमध्ये मिनी पीसीआयई आकाराची कार्डं असायची, नंतर एम.२ आली. इंटेलची सीएनव्हीआय प्रकारची कार्डं ठराविक इंटेल मशीनमध्येच चालतात. काही जुन्या लॅपटॉपचा बायोस कंपनीने मान्य केलेल्या यादीबाहेरचं कार्ड घेतच नाही. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं, ते सुटं बदलता येत नाही. म्हणून "चाललं नाही तर परत घ्याल ना?" हे आधीच ठरवून घ्या.

"मजुरी किती, पार्ट किती, वॉरंटी किती दिवस, आणि लॅपटॉप किती दिवस ठेवावा लागेल?" चारही उत्तरं बिलावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. जुना पार्ट परत मागा. हे शेवटचं उत्तर, किती दिवस, हेही पैशातच मोजायचं असतं. सीझनमध्ये चार दिवस बिलं अडली, तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा ते चार दिवस महाग पडतील.

पायरी ४: हिशेब

आता मुख्य भाग. इथे बहुतेकांची गल्लत होते ती एकाच ठिकाणी. नवं वाय-फाय कार्ड पाच वर्षं चालेल, म्हणून त्याचा खर्च पाच वर्षांवर वाटला जातो. पण लॅपटॉपच एक वर्ष चालणार असेल, तर पाच वर्षांचं कार्ड काय कामाचं? खर्च भागायचा तो मशीनच्या उरलेल्या आयुष्याने, पार्टच्या आयुष्याने नाही.

मग उरलेलं आयुष्य कसं ठरवायचं? पाच गोष्टी तपासा:

- बॅटरी किती टिकते? फुगली असेल, तर तो धोका आहे. वापर लगेच थांबवा, आधी ती काढून घ्या.
- एसएसडी आहे की जुनी फिरती हार्ड डिस्क? ती कटकट आवाज करते का?
- बिजागरी, पंखा, चार्जिंगचं पोर्ट धड आहे का? मशीन आपोआप बंद पडतं का?
- रॅम पुरते का? बिलाचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकदम उघडलं की मशीन अडकतं का?
- विंडोज कुठलं? हे सगळ्यात महत्त्वाचं.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची जी योजना तेव्हा जाहीर झाली, तिची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ज्या मशीनवर आपण बँकेचं लॉगिन करतो, त्याला सुरक्षा अपडेट मिळत नसतील, तर वाय-फाय कितीही छान चालू द्या, धंद्यासाठी त्याचं आयुष्य संपत आलंय असंच धरायचं.

आपल्या ताईंच्या लॅपटॉपला आठव्या पिढीचा प्रोसेसर आहे, एसएसडी आहे, विंडोज ११ चालतं. पण बॅटरी आणि बिजागरी बघता, अजून १२ महिने धरू. आता पर्याय मांडू. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातले भाव विचारून तुमचे आकडे घाला.

- डोंगल: ६०० रुपये ÷ १२ महिने = दरमहा ५०
- नवं कार्ड १,२०० अधिक मजुरी ४००: १,६०० ÷ १२ = दरमहा सुमारे १३३
- बोर्डाची दुरुस्ती: ६,००० ÷ १२ = दरमहा ५००
- जुना पण तपासलेला, वॉरंटी असलेला लॅपटॉप: २०,००० ÷ ३० महिने = दरमहा सुमारे ६६७
- नवा लॅपटॉप: ४२,००० ÷ ६० महिने = दरमहा ७००

यादी बघून वाटेल, बोर्डाची दुरुस्ती ५०० म्हणजे नव्यापेक्षा स्वस्तच की! थांबा. बोर्ड दुरुस्त केला, तरी बॅटरी जुनीच आहे. वर्षभर चालवायचं तर तीही बदलावी लागेल, समजा २,४०० रुपये. मग झाले ८,४००, म्हणजे दरमहा ७००. नव्या लॅपटॉपच्या बरोबरीला आलं, आणि हातात काय? तोच जुना लॅपटॉप, तीच सैल बिजागरी.

म्हणून मी बॅचमध्ये एक ढोबळ नियम देतो. बदली मशीनचा दरमहा खर्च घ्या, त्याला जुन्या मशीनच्या उरलेल्या महिन्यांनी गुणा, आणि त्याचं निम्मं करा. ती तुमची दुरुस्तीची मर्यादा. ताईंसाठी ६६७ × १२ = सुमारे ८,०००. निम्मं ४,०००. या १२ महिन्यांत सगळ्या दुरुस्त्या मिळून, फक्त वाय-फाय नाही, ४,००० च्या पुढे जायचं नाही. निम्मं का? कारण जुनं मशीन उद्या दुसरीकडे बिघडू शकतं, त्या धोक्यासाठी जागा सोडायला हवी.

आणि आधी किती खर्च केला, ते या हिशेबात धरायचं नाही. "गेल्या वर्षीच तर तीन हजारांची एसएसडी टाकली, आता कसा टाकून देऊ?" असं वाटणं साहजिक आहे. पण ते तीन हजार गेले. फार तर ती एसएसडी काढून बाहेरच्या केसमध्ये घाला, बॅकअपसाठी वापरा. निर्णय पुढच्या पैशांवर घ्यायचा.

मग ताईंनी काय करावं?

घरच्या तपासणीत कार्डच दिसत नाही असं निघालं, तर त्यांच्यासाठी उत्तर सरळ आहे. आज यूएसबी टेदरिंग, उद्या ६०० चा डोंगल, आणि दिवाळी संपेपर्यंत लॅपटॉप उघडायचाच नाही. कार्ड बदलणंही स्वस्तच आहे, पण ऐन सीझनमध्ये मशीन दुकानात ठेवायचं कशाला? उघडताना सैल बिजागरी तुटली, तर ते नवं दुखणं.

आता भांडवलाकडे या. डोंगल घेऊन हातात उरले ४४,४००. त्यातले ४०,००० कच्च्या मालात गेले आणि सगळा खर्च वजा जाता समजा २० टक्के सुटले, तर एका फेरीत ८,००० रुपये. सहा आठवड्यांत दोन फेऱ्या झाल्या, तर १६,०००. हेच पैसे लॅपटॉपमध्ये असते, तर ही कमाई गेली असती. मात्र एक अट आहे: ऑर्डरी पक्क्या हव्यात. मागणी नसताना माल भरला, तर तूप खवट होतं आणि भांडवलही. "लॅपटॉप नाही घेतला, म्हणून माल भरला" हा काही धंदा नाही.

दिवाळीनंतर काय? त्या नफ्यातून पहिल्या महिन्यापासून दरमहा २,००० रुपये वेगळे काढायचे. बँकेत आरडी काढा, नाव द्या "लॅपटॉप". दहा महिन्यांत २०,००० जमतात. जुना लॅपटॉप दम तोडेल तेव्हा बदली मशीन रोखीने येईल, ईएमआयशिवाय. डोंगलने आपण हीच मुदत विकत घेतो, ६०० रुपयांत बारा महिने. मुदत घेतली आणि बाजूला काही टाकलंच नाही, तर पुढच्या वर्षी याच जागी, याच काळजीत बसाल.

दुरुस्तीच्या नादाला कधी लागू नये?

हिशेब नेहमी जुन्याच्या बाजूने येत नाही. खालीलपैकी दोन गोष्टी जरी लागू असतील, तर मी बदली मशीन बघायला सांगेन:

- विंडोज ११ चालत नाही आणि त्याच मशीनवर बँक, जीएसटी, ग्राहकांची माहिती सगळं आहे.
- गेल्या वर्षभरात वाय-फाय सोडून अजून दोन दुरुस्त्या झाल्यात.
- वाय-फायबरोबर यूएसबी पोर्ट किंवा चार्जिंगही दगा देतंय. हा बोर्डाचा दोष पसरत असल्याचा इशारा असू शकतो.
- मशीन रोज अर्धा तास वाया घालवतं. महिन्याचे २५ दिवस धरले, तर साडेबारा तास. तुमच्या तासाची किंमत १०० रुपये धरली, तरी १,२५० रुपये दरमहा. नव्या लॅपटॉपच्या ७०० पेक्षा हे जास्त!

हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग किंवा अकाउंटिंगचं काम घेणाऱ्यांसाठी लॅपटॉप हेच कारखान्याचं यंत्र आहे. त्यांनी काटकसर दुसरीकडे करावी. मसाले करणाऱ्या ताईंसाठी मात्र यंत्र म्हणजे डंका आणि मिक्सर, लॅपटॉप म्हणजे वही. दोघांचं उत्तर एकच कसं असेल?

कर वाचतो म्हणून घ्यायचा का?

हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो. आयकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. म्हणजे ४०,००० चा लॅपटॉप पहिल्या वर्षी २४,०००, मग १४,४००, असा उतरत सात वर्षांनी पुस्तकात फक्त सुमारे १,१२० रुपयांचा उरतो. म्हणून "पुस्तकात किंमत राहिली नाही, काढून टाका" असं कुणी म्हणेल. पुस्तकातली किंमत वेगळी, कामाची किंमत वेगळी. तो रोज बिलं काढतोय ना?

दुसरी बाजू: ४२,००० च्या नव्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी १६,८०० घसारा. तुम्ही ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर कर वाचला सुमारे ८४० रुपये. ८४० वाचवायला ४२,००० घालवायचे? त्यातही आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर त्या वर्षी घसारा निम्माच. आणि अंदाजित नफ्याच्या योजनेत रिटर्न भरत असाल, तर वेगळा घसारा मागताच येत नाही. तुमच्या सीएंना विचारा, पण मशीन घ्यायचं ते कामासाठी, कर हा वरचा मुद्दा.

बदललाच, तर जुना लॅपटॉप भंगारवाल्याला तसाच देऊ नका. डेटा पुसा, डिस्क काढा, आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. किंवा तो चालू असेल, तर डोंगल लावून घरच्या मुलांना टायपिंग शिकायला ठेवा.

तुमचा गृहपाठ

आज वहीचं एक पान घ्या आणि या सहा ओळी भरा. वाय-फाय चालू असलं तरी भरा. प्रिंटर, मिक्सर, शिलाई मशीन, डिलिव्हरीची गाडी, सगळ्याला हेच पान चालतं.

१. मशीन बंद पडलं, तर आज कुठलं काम खरोखर थांबेल?
२. तात्पुरतं काम चालवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कुठला?
३. मशीनचं उरलेलं आयुष्य किती महिने?
४. बदली मशीनची किंमत किती आणि दरमहा किती पडते?
५. माझी दुरुस्तीची मर्यादा किती? (दरमहा खर्च × उरलेले महिने ÷ २)
६. बदलीसाठी दरमहा किती बाजूला टाकणार आणि कुठल्या तारखेपासून?

पाचव्या ओळीतला आकडा मशीनच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी दुकानदार आकडा सांगेल, तेव्हा "विचार करून सांगतो" म्हणायची गरज पडणार नाही. विचार आधीच झालेला असेल.

पुढच्या व्हिडिओत बघू, दिवाळीच्या ऑर्डरीसाठी ॲडव्हान्स किती घ्यायचा आणि तो न लाजता कसा मागायचा. तोपर्यंत धंदा करा, हिशेब ठेवा. भेटूच!